गाळलेली जागा आणि माझे अडीच मार्क

एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेच्या मुख्य पेपरात एक प्रश्न दोन मार्कांचा. चुकला तर ते दोन जातातच, वर पाव हिस्सा म्हणजे अर्धा मार्क कापला जातो. हिशोब अडीचचा. दुसऱ्या प्रयत्नात माझं नाव यादीच्या बाहेर राहिलं ते दोन मार्कांनी. आता करा वजाबाकी.

उत्तरतालिका आली त्या रात्री अमळनेरला घरी होतो. लाईट गेलेली. ओट्यावर बसून मोबाईलच्या उजेडात एकेक प्रश्न पडताळत होतो. इंग्रजीच्या गाळलेल्या जागांपाशी आलो आणि पोटात खड्डा पडला. वाक्य इथे बदलून देतो, गाठ तीच आहे: ‘ही ____ इन नाशिक फॉर थ्री इयर्स बिफोर ही मूव्ह्ड टू धुळे.’ पर्याय होते लिव्ह्ज, हॅज लिव्ह्ड, हॅड लिव्ह्ड आणि इज लिव्हिंग. मी ठोकलं होतं ‘हॅज लिव्ह्ड’. ‘फॉर थ्री इयर्स’ दिसलं, हात आपोआप गेला. ‘बिफोर’च्या पुढे मी वाचलंच नव्हतं.

हे लिहायचं कारण तेवढंच. नाम, सर्वनाम, काळाचे बारा प्रकार तुम्हाला येतात असं धरून चालतो. नसतील येत तर आधी ते करा, हा लेख पळून जात नाही.

माझं इंग्रजी पाचवीपासूनचं. २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं तेव्हा मी दुसरीत होतो. एका वर्षानं हुकलं, आणि हे रडगाणं मी बरीच वर्षं गायलो. घरात अहिराणी, शाळेत मराठी, पेपरात इंग्रजी. म्हणजे प्रत्येक वाक्य दोनदा गाडी बदलून यायचं, आणि पहिली लबाडी व्हायची ती याच प्रवासात. ‘मी चार वर्षांपासून जळगावात राहतो’ हे मराठीत अगदी बरोबर आहे. त्यातलं ‘राहतो’ तसंच उचलून इंग्रजीत ठेवलं की साधा वर्तमानकाळ होतो, आणि तिथे तो चालत नाही. ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं. शिवाय आपल्या एकट्या ‘पासून’ला तिकडे दोन शब्द. सुरुवातीचा बिंदू सांगायचा तर ‘सिन्स’, मुदत सांगायची तर ‘फॉर’.

ही चूक खानदेशातली अर्धी पोरं करतात हे क्लासवाल्या सरांना पक्कं माहीत असतं. म्हणून ते ट्रिक देतात: सिन्स किंवा फॉर दिसलं की डोळे मिटून हॅज, हॅव, हॅज बीन. ट्रिक दहापैकी सात वेळा लागते. म्हणून तर ती घातक. दहाही वेळा चुकली असती तर आपण दुसऱ्याच दिवशी फेकून दिली असती.

ती न लागणारी वाक्यं जरा सावकाश बघा, कारण पेपर काढणाऱ्यालाही ती ट्रिक माहीत असते.

‘शी वर्क्ड इन अ बँक फॉर टू इयर्स अँड देन रिझाइन्ड.’ मुदत आहे, पण काम संपलं आणि राजीनामाही झाला. साधा भूतकाळ.

‘आय विल बी इन भुसावळ फॉर टू डेज.’ मुदत पुढची आहे.

‘इट इज टेन इयर्स सिन्स ही लेफ्ट द व्हिलेज.’ इथे सिन्सच्या मागे वर्तमान, पुढे साधा भूतकाळ. जागा कुठे गाळली आहे त्यावर उत्तर फिरतं.

‘सिन्स इट वॉज रेनिंग, वुई स्टेड अॅट होम.’ हा सिन्स ‘पासून’चा नाहीच, हा ‘कारण’चा. याचा काळाच्या मुदतीशी काडीचा संबंध नाही.

आणि माझं नाशिकचं वाक्य. तीन वर्षं राहणं आधी झालं, धुळ्याला जाणं नंतर. दोन्ही मागच्याच गोष्टी. त्यांतली जी आधीची, तिला ‘हॅड’. हे सगळं ‘बिफोर’नंतर लिहिलेलं होतं, जागेपासून सहा-सात शब्दांवर. मी जागेच्या आजूबाजूलाच चाचपडत बसलो.

हे मला कुठल्या सरांनी नाही, अभ्यासिकेतल्या एका ताईनं दाखवलं. ती बँकेच्या परीक्षा द्यायची, माझ्यासमोरच्याच टेबलावर बसायची. मी चार तासांत दोनशे जागा भरल्याचं फुशारकीनं सांगितलं. तिनं वही ओढली, एका उत्तरावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “का?” मी म्हटलं, “फॉर आहे ना.” ती म्हणाली, “भाऊ, पुढलं वाक्य कोन वाची?” मला राग आला होता. खरं सांगतो, दोन दिवस बोललो नाही तिच्याशी.

माझं मत कडवट वाटेल, पण ‘एका रात्रीत संपूर्ण ग्रामर’वाले व्हिडिओ बंद करा. ते बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि तेच वाईट. उत्तर सांगणारा गुरू ढिगानं मिळतो, ‘का?’ विचारून गप्प बसणारा एक शोधा, मग तो तुमच्यापेक्षा लहान असला तरी चालेल. फी भरून मिळेलच असं नाही. मी भरून पाहिली आहे.

त्यानंतर मी जागा भरायची रीत बदलली. चारही पर्याय हातानं झाकायचे. संगणकावरची परीक्षा असेल तर पडद्याच्या त्या भागावर तळवा धरायचा; शेजारचा हसला तर हसू दे. वाक्य पूर्णविरामापर्यंत वाचायचं. मग मनात ठरवायचं की इथे काय हवं: क्रियापद, नाम, शब्दयोगी की आर्टिकल. क्रियापद हवं असेल तर कर्ता कोण आणि गोष्ट केव्हाची, एवढंच विचारायचं. ‘वन ऑफ द फार्मर्स ____’ मध्ये कर्ता ‘वन’ आहे, जागेला खेटून बसलेला ‘फार्मर्स’ नाही. आपलं उत्तर ठरल्यावरच हात काढायचा. पहिले पंधरा दिवस वेग इतका पडेल की रडू येईल. माझा निम्म्यावर आला होता. मग येतो परत, घाबरू नका.

मराठीनं फसवायची आणखी एक जागा म्हणजे ‘तर’. ‘पाऊस आला तर आम्ही येणार नाही.’ पाऊस अजून यायचाय, तरी आपण ‘आला’ म्हणतो. बसस्टँडवर कोणी वाट बघत असेल तर घरातूनच ‘आलोच’ म्हणणारी माणसं आपण. इंग्रजी तसं करत नाही: ‘इफ इट रेन्स, वुई विल नॉट कम.’ तिथे ‘रेन्ड’ भरलं की गेले अडीच. तसंच ‘डिस्कस’. आपण विषयाबद्दल चर्चा करतो, म्हणून ‘अबाउट’ घालावंसं वाटतं. इंग्रजीत ‘डिस्कस’ला काहीच लागत नाही. लग्न आपण कुणाशी तरी करतो म्हणून ‘मॅरीड विथ’ भरतो, ते ‘मॅरीड टू’ असतं. याला नियम शोधत बसू नका, सापडणार नाही. वाचूनच बसतं ते. मी इंग्रजी पेपरातला एक परिच्छेद घ्यायचो, त्यातले इन, ऑन, अॅट, टू सगळे व्हाइटनरनं पुसायचो आणि दुसऱ्या दिवशी भरायचो. पेपर शिळा, खर्च व्हाइटनरचा.

पण मराठी दरवेळी शत्रू नसते हेही ऐका. ‘अ’ आणि ‘अॅन’साठी तिच्यासारखा मित्र नाही. स्पेलिंग विसरा, शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर आलं तर अॅन, व्यंजन आलं तर अ. युनिव्हर्सिटी: य, म्हणून अ. अंब्रेला: अं, म्हणून अॅन. ‘तास’वाला अवर स्पेलिंगमध्ये एचनं सुरू होतो, पण आपण ‘अ’नंच लिहितो, म्हणून अॅन. वन-वे रोड: व, म्हणून अ. एफआयआर: ए, म्हणून अॅन. अॅन एमपीएससी अॅस्पिरंट, पण अ यूपीएससी अॅस्पिरंट, कारण ‘यू’ची सुरुवातच ‘य’नं होते. इंग्रजी माध्यमाची पोरं इथे स्पेलिंग बघून चुकतात. जळगाव जिल्ह्यातल्या मराठी शाळेतल्या पोरानं चुकायचं कारण नाही.

वहीबद्दल. चुकलेल्या जागेसमोर बरोबर उत्तर लिहून काही होत नाही, ते छापील उत्तरतालिकेत असतंच. मी लिहायचो ते ‘हे का वाटलं’. माझ्या वहीतलं एक पान असं आहे: ‘लुक फॉरवर्ड टू ____ यू. भरलं: मीट. का वाटलं: टूच्या पुढे मूळ क्रियापद येतं म्हणून. बरोबर: मीटिंग, कारण हा टू क्रियापदाचा नाही, फॉरवर्डच्या मागून आलेला आहे.’ महिन्यानं वही चाळली तर ‘का वाटलं’च्या खाली तीनच कारणं आलटून पालटून होती. त्यांतलं पहिलं, ‘पुढे वाचलं नाही’.

अजिबातच येत नसेल तेव्हा काय? चार पर्यायांत आंधळा दगड मारला तर पावपट वेळा दोन मार्क, पाऊणपट वेळा अर्धा वजा. सरासरी एका प्रश्नाला ०.१२५. म्हणजे आठ दगडांना एक मार्क, तोही नशीब सरळ असेल तर. दोन पर्याय खात्रीनं कापता आले तर सरासरी ०.७५ वर जाते. म्हणून माझा नियम: दोन कापले तर मारायचा, एकही कापता आला नाही तर पुढचा प्रश्न. एकच कापला तर? तेव्हा मी किती वेळ उरलाय ते बघायचो आणि बहुतेकदा मारायचो. आमची ताई कधीच मारायची नाही.

तिसऱ्या प्रयत्नात यादीत नाव आलं. आता धुळ्याला एका कार्यालयात लिपिक आहे. परवा इंग्रजी पत्राचा मसुदा साहेबांपुढे ठेवला. त्यांनी लाल पेनानं एकच शब्द खोडून परत दिला. ‘डिस्कस’च्या पुढचा ‘अबाउट’.