इम्प्लांटला प्रोब लावायला घाबरू नका, मी घाबरलो होतो

बीडीएस करून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दातांच्या क्लिनिकला असिस्टंट म्हणून लागलो तेव्हा डोक्यात एकच खूळ होतं, इम्प्लांटचा सरफेस, म्हणजे जबड्याच्या हाडात दाताच्या मुळासारखा बसवायच्या स्क्रूचा पृष्ठभाग. कंपनीचा एमआर यायचा, टायटॅनियमचे सूक्ष्मदर्शकातले (एसईएम) फोटो दाखवायचा, एसएलए भारी की अॅनोडाइज्ड, खरखर आणायच्या या दोन पद्धतींवर आम्ही चहा थंड होईस्तोवर भांडायचो. इम्प्लांटचे जनक ब्रॅनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या पेशंटला बसवलेले स्क्रू गुळगुळीत होते, आत्ताचे बहुतेक मध्यम खरखरीत, साधारण 1 ते 2 मायक्रॉन. खरखरीला हाड पटकन धरतं हे खरंच, पण तेच थ्रेड, म्हणजे स्क्रूचे आटे, उघडे पडले की प्लाक, म्हणजे जंतूंचा थर, असा चिकटतो की साफ करताना घाम फुटतो.

मला मात्र सरफेसनं नाही, आळसानं मारलं. कागलचे एक काका, तंबाखूवाले, खालच्या दाढेचं इम्प्लांट, तीन वर्षांनी आले, "डॉक्टर, ब्रश करताना रगात येतंय." प्रोब, म्हणजे हिरडीच्या कडेनं आत खोली मोजायची खुणांची बारीक सळई, लावला, गालाच्या बाजूला 6 मिमी. आता हे 6 आधीपासूनचं की नवीन? फाईल काढली तर क्राऊन, म्हणजे स्क्रूवरची दाताची टोपी, बसवल्याच्या दिवसाचा ना एक्सरे ना एकही रीडिंग. आमच्या सिनियरचं म्हणणं, इम्प्लांटला प्रोब लावायचा नाही, हिरडीचं सील तुटतं, आणि मी पोरानं ते वेदवाक्य मानलेलं. वीकेंड कोर्समध्ये पण हेच सांगतात, दोन दिवसांत ड्रिल शिकवतात आणि फॉलोअप जेवणाच्या सुट्टीत उरकतात.

नीट ऐका. दाताभोवती हिरडीचे धागे सिमेंटममध्ये, म्हणजे मुळावरच्या थरात, आडवे शिरलेले असतात, इम्प्लांटला सिमेंटमच नाही, धागे बाजूनं समांतर जातात, म्हणून प्रोब तसाही जरा खोल जातो. हिरडी जाड असेल, स्क्रू खोल बसवला असेल तर 5 मिमी सुद्धा निरोगी असू शकतं. नुसत्या आकड्याला अर्थ नाही, पहिल्या आकड्यापेक्षा किती वाढलं त्याला आहे. आधीचं रेकॉर्डच नसेल तर 2017 च्या हिरडीतज्ज्ञांच्या जागतिक वर्कशॉपचा हाड झिजवणाऱ्या आजारासाठी निकष आहे, ब्लीडिंग, 6 मिमी किंवा जास्त खोली आणि हाड 3 मिमी किंवा जास्त खाली, पण तिथवर वाट बघायची म्हणजे घर जळाल्यावर विहीर खणायची. क्राऊन बसवला की त्याच दिवशी एक्सरे, सहा जागी प्रोब, हलक्या हातानं, 0.25 न्यूटन, वहीत आकडे. पाच मिनिटं लागतात राव.

नुसतं रक्त आणि हाड शाबूत असेल तर घाबरू नका, म्युकोसायटिस, म्हणजे नुसती हिरडीची सूज आहे, साफसफाईनं माघारी फिरतो. काकांचं हाड गेलेलं. फ्लॅप उघडला, म्हणजे हिरडी कापून बाजूला केली, तर गालाच्या बाजूला तांदळाच्या कणीएवढा क्राऊन चिकटवायच्या सिमेंटचा तुकडा, एक्सरेत स्क्रूमागं लपलेला. तो मीच सोडलेला, क्राऊन मीच बसवला होता.

आता काका दर तीन महिन्यांनी येतात. मागच्या वेळी 4 मिमी होतं, यावेळी पण 4, रक्त नाही. तंबाखू काय सुटलेली नाही.