शर्ट घरी शिवायचाय? मग आधी मांजरपाट आणा

माझी उंची सहा फूट एक इंच आणि अंगकाठी म्हणजे पाप्याचं पितर, त्यामुळे रेडिमेड शर्टात बाही बरोबर आली की पोटाशी तंबू आणि पोट बरोबर आलं की मनगटं उघडी. टेलरकडे छाती, खांदा, उंची, बाही एवढं वहीत लिहून घेतात, पण माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलाय हे कुणी लिहीत नाही. शेवटी आईचं जुनं उषाचं पायाचं मशीन पुसलं, तेल घातलं (गुरुवारी लाइट गेली तरी चालतं हा वरचा फायदा) आणि सुरुवात केली. पहिले दोन शर्ट वाया गेले, ते का गेले ते पुढे सांगतोच.

आधी खरेदी. पहिल्या शर्टाला साधं कॉटन पॉपलिन घ्या, प्लेन किंवा बारीक प्रिंटचं. चेक्स नकोच, खिसा, बटणपट्टी, बाजूची शिलाई, सगळीकडे रेघा जुळवत बसावं लागतं. रेयॉनही नको, कापताना सरकतं. पुण्यात लक्ष्मी रोडवर कापड घेताना पन्ना (कापडाची रुंदी) विचारा, 36 इंची असेल तर फुल बाहीला सव्वादोन ते अडीच मीटर, 58 इंची असेल तर 1.60 मीटर पुरतं, माझ्यासारखे उंच असाल तर पावणेदोन घ्या. बटणं, दोरा, खडू, चिकटणारं बकरम (कॉलर-कफ ताठ ठेवायला आत लावतात ते कापड) तुळशीबाग नाहीतर रविवार पेठेत मिळतं, मंडई मेट्रोला उतरून चालत जा, गाडी नेलीत तर अर्धा दिवस पार्किंग शोधण्यात जाईल. आणि याच फेरीत दोन-अडीच मीटर मांजरपाट (साधं, कोरं सुती कापड, आधी चाचणीचा शर्ट यातच शिवायचा) घ्या, ते विसरू नका.

घरी आल्यावर कापड तासभर पाण्यात भिजवा, सुकवा, इस्त्री करा. कॉटन 3 ते 5 टक्के आटतं, म्हणजे 30 इंच उंचीत इंच-दीड इंच गेला, तो कापायच्या आधीच गेलेला बरा.

माप स्वतःचं स्वतः घेऊ नका, टेप बघायला वाकलात की माप बदलतं. बायको, भाऊ, रूममेट कुणीही चालेल. छातीच्या मापात फिटिंगला 4 इंच, जरा सैल हवा तर 5-6 इंच वाढवा. गळ्याला अर्धा इंच. मनगटाला दोन-सव्वादोन इंच, घड्याळ घालत असाल तर त्या हाताला थोडं जास्त. बाहीचं माप खांद्याच्या हाडापासून, कोपर किंचित वाकवून. तीरा, म्हणजे खांद्यांची रुंदी, पाठीमागून, एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत.

आता खाका, म्हणजे कापड कापायचा कागदी नमुना. फॉर्म्युल्याने काढता येतो, पण नवख्याला माझा सल्ला, जो जुना शर्ट त्यातल्या त्यात बरा बसतो तो सरळ उसवा. कोणता तुकडा कुठे जोडलाय, कॉलर आतून कशी आहे, हे उसवताना जेवढं कळतं तेवढं कुठल्याही व्हिडिओत कळत नाही. तुकडे इस्त्री करून ब्राउन पेपरवर ठेवा, कडेने पेन्सिल फिरवा, मापाप्रमाणे कमी-जास्त करा. वर्तमानपत्रही चालतं म्हणतात, पण ब्राउन पेपरच घ्या, का ते शेवटी सांगतो.

आता मांजरपाट. मागचा भाग, दोन्ही पुढचे, तीरा (खांद्यावरची पट्टी, तिलाही तीराच म्हणतात) आणि दोन्ही बाह्या एवढंच कापा, कॉलर-कफ नकोत. मशीनचा टाका लांब, 4 वर ठेवून शिवा म्हणजे उसवायला सोपं. अंगात घाला, समोरून पिना लावा आणि आरशासमोर सरळ उभे राहा, पोट आत न घेता! आता सुरकुत्या बघायच्या. छातीवर आडव्या रेघा ओढल्या जातायत, तर घेर कमी आहे, बाजूची शिलाई सोडा. मानेखाली पाठीवर आडवी घडी पडतेय, तर तुमचे खांदे शर्टापेक्षा चौकोनी आहेत, खांद्याचं टोक थोडं वर घ्या. मानेपासून काखेकडे तिरप्या सुरकुत्या येतायत, तर खांदा उतरता आहे, टोकाशी जास्तीचं कापड चिमटीत धरून पिन लावा आणि मुंढाही (बाही जोडायची गोलाई) तेवढाच खाली घ्या. माझं हे फक्त उजवीकडे होतं, म्हणून माझा उजवा-डावा खाका वेगळा. दुसरा शर्ट यातच गेला, दोन्ही बाजू सारख्या कापल्या होत्या.

पहिला गेला मुंढ्यापायी. हात वर केला की अख्खा शर्ट वर यायचा, मला वाटलं मुंढा घट्ट आहे, म्हणून अजून खोल कापला, तर जास्तच वर यायला लागला. खरं तर उलट असतं, मुंढा काखेच्या जवळ असला की हात मोकळा हलतो आणि शर्ट जागेवर राहतो. पण चांगल्या कापडात एकदा खोल कापलं की परत जोडता येत नाही. मांजरपाटात ठिगळ लावून बघता येतं.

सगळं जमलं की खुणा खाक्यावर उतरवा आणि मग पॉपलिन बेता. उभा धागा लांबीकडे. बाजूला अर्धा इंच शिलाईला सोडा, कॉलरला पाव इंच पुरे.

शिवायचा क्रम असा: बटणपट्टी, खिसा, मग तीरा पाठीला आणि पुढच्या भागांना, मग कॉलर, बाहीची पट्टी (मनगटाजवळच्या फटीची), मग बाही सपाट असतानाच मुंढ्याला जोडा, त्यानंतर बाहीच्या टोकापासून शर्टाच्या खालपर्यंत बाजू एकाच टिपेत, मग कफ, शेवटी खालची दुमड. टाका अडीच, सुई 14 नंबर, कापड बारीक असेल तर 11. प्रत्येक टिपेनंतर इस्त्री, कंटाळा आला तरी.

कॉलरला वेळ द्या. वरचा तुकडा खालच्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर मोठा ठेवा, म्हणजे शिलाई खाली वळते, वर दिसत नाही. टोकाशी काटकोनात वळू नका, एक टाका तिरपा घ्या आणि त्या कोपऱ्यात आतून दुहेरी दोरा अडकवून ठेवा, उलटवताना तो ओढला की टोक बाहेर येतं. कात्रीने ढोसून टोक काढायला गेलात तर भोक पडतं, मी पाडलंय.

काजं मी पेठेतल्या काज-बटणवाल्याकडूनच करून घेतो, हाताने करायचा हट्ट नाही. पण खुणा स्वतः करून न्या: एक बटण बरोबर छातीच्या सगळ्यात रुंद भागावर, बाकीची साधारण साडेतीन इंचांवर. कॉलरपट्टीचं काज आडवं, खालची उभी. पुरुषांच्या शर्टात काजं डावीकडे.

आणि खाका फेकू नका, त्यावर तारीख आणि उजवा-डावा लिहून गुंडाळून ठेवा. माझा पहिला खाका वर्तमानपत्रावर होता, दिवाळीच्या साफसफाईत आईने रद्दीवाल्याला किलोच्या भावाने दिला.