उपमुख्यमंत्र्यांकडं निवेदन घेऊन निघालाय? आधी खातं बघा

आमच्या तासगाव साईडला कुणाचं काम अडलं की सल्ला ठरलेला, "थेट उपमुख्यमंत्र्यांनाच भेटा की". भेटा, पण आधी हे वाचा नायतर आमच्यासारखं रात्रभर महालक्ष्मी एक्सप्रेसनं जाऊन हात हलवत परत याल.

पहिलं, खातं कुणाकडं आहे ते बघा. उपमुख्यमंत्री हे पद घटनेत नाहीच, कलम १६४ मध्ये मुख्यमंत्री आणि बाकीचे मंत्री एवढंच आहे, त्यामुळं सही चालते ती खात्याच्या जोरावर, आणि खातेवाटप मुख्यमंत्री ठरवतात. आपले आर. आर. आबा २००४ ते २००८ उपमुख्यमंत्री होते, पण डान्सबारचा विषय त्यांच्या हातात होता तो गृहखातं होतं म्हणून. दुसऱ्याच्या खात्याचं काम असलं तर उपमुख्यमंत्री फारतर फोन करतील नायतर पत्र देतील.

आणि सरकार कुणाकुणाचं मिळून आहे तेही बघा. राज्यातले पहिले उपमुख्यमंत्री नाशिकराव तिरपुडे, १९७८ ला, आपल्या वसंतदादांच्या सरकारात. दोन काँग्रेसची मोट बांधलेली, मार्चला आलं आन् जुलैला गेलं. म्हणून खातं मित्रपक्षाकडं असलं तर त्याच पक्षाच्या आमदाराचं पत्र जोडा, उगं दुसऱ्याचं लेटरहेड नको.

निवेदन एका पानाचं ठेवा. सोबत ग्रामपंचायतीचा ठराव, फोटो, आधीच्या अर्जाची पोच. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय हलू नका, पीए "ठेवा, बघतो" म्हणाला तरी.

आता शेरा. मंत्री कोपऱ्यात दोन शब्द लिहितात आणि आपण खूश होऊन फोटो काढतो. आमच्या ओढ्यावरच्या पुलाच्या अर्जावर "नियमानुसार कार्यवाही करावी" असं निळ्या पेनानं आलं, आम्ही गावात पेढे वाटले, आणि कागद फिरून परत त्याच क्लार्कच्या टेबलावर ज्यानं तो आधी अडवलेला. "तपासून अहवाल सादर करा" असं लिहून मिळालं तर बरं, कारण उत्तर वर पाठवावं लागतं. तारीख घालून मिळाली तर अजून भारी, विनंती करायला काय जातंय.

छोटा पूल, शाळाखोली असलं काम असेल तर मुंबई सोडा, पालकमंत्र्यांना गाठा, जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष तेच असतात. नंतर पंधरा दिवसांनी आवक नंबर घेऊन सांगलीत ऑफिसला जा, सोमवारी नको, साहेब मीटिंगला असतात.