एनएटएन: एका वर्कफ्लोमधला डेटा दुसऱ्या वर्कफ्लोला कसा द्यावा

एनएटएन (n8n), म्हणजे वेगवेगळी अ‍ॅप्स जोडून कामं आपोआप करून घेण्याचं साधन, वापरायला लागून थोडे दिवस झाले की एक गोष्ट हमखास होते: तेच चार-पाच नोड (कामाचे एकेक टप्पे) तीन वेगवेगळ्या वर्कफ्लोंमध्ये, म्हणजे टप्प्यांच्या साखळ्यांमध्ये, चिकटवलेले असतात, आणि एक बारीकसा बदल करायचा तरी तीनही ठिकाणी हात घालावा लागतो. समजा, रत्नागिरीच्या एका आंबा विक्रेत्याकडे ऑर्डरी तीन वाटांनी येतात: वेबसाइटचा फॉर्म, ईमेल आणि फोनवर ऐकून मुलाने शीटमध्ये भरलेली ओळ. वाटा तीन, पण पुढचं काम एकच. मोबाईल नंबर नीट करायचा, ऑर्डरला क्रमांक द्यायचा, मुख्य शीटमध्ये नोंद करायची. हे काम एका स्वतंत्र वर्कफ्लोत टाकावं आणि बाकी तिघांनी त्याला बोलवावं. बोलवणाऱ्याला आपण ‘मुख्य’ म्हणू, बोलावलेल्याला ‘उप’.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. उप-वर्कफ्लोला मुख्य वर्कफ्लोतले नोड दिसत नाहीत. एकाच वर्कफ्लोत मागच्या नोडचं नाव घेऊन त्याचा डेटा उचलता येतो, पण इथे तसं नाव घेतलं तर एरर येते. तुम्ही हातात द्याल तेवढंच त्याला मिळतं. म्हणूनच काय द्यायचं आणि काय परत घ्यायचं, हे नोड जोडण्याआधी कागदावर लिहून काढा.

१. आधी उप-वर्कफ्लो बनवा

नवा वर्कफ्लो उघडा, त्याला ‘ऑर्डर नोंद’ असं स्पष्ट नाव द्या आणि ट्रिगर (वर्कफ्लो सुरू करणारा पहिला नोड) म्हणून ‘व्हेन एक्झिक्यूटेड बाय अनदर वर्कफ्लो’ निवडा. येणारा डेटा कसा घ्यायचा यासाठी तिथे तीन पर्याय दिसतात: फील्ड स्वतः ठरवणं, जेसनचा (JSON, डेटा लिहायची एक पद्धत) नमुना देणं किंवा येईल तो सगळा डेटा स्वीकारणं. तिसरा सोपा वाटतो, पण मी तो टाळायलाच सांगेन. पहिल्या पर्यायात नाव, मोबाईल, डझन, तारीख अशी फील्ड लिहिली की मुख्य वर्कफ्लोत तेच रकाने आपोआप समोर येतात. काय भरायचं ते विसरायला होत नाही.

प्रत्येक फील्डचा प्रकारही इथेच ठरतो आणि त्यात घाई करू नका. डझन हा आकडा आहे, त्याला ‘नंबर’ ठीक. मोबाईल मात्र नेहमी ‘स्ट्रिंग’ (मजकूर) ठेवा, कारण आकडा म्हणून घेतला की सुरुवातीचा शून्य उडतो. आपल्याकडे तर लोक फॉर्ममध्ये नंबर देवनागरी अंकांतही लिहितात, कुणी मध्ये जागा सोडतं, कुणी पुढे अधिक ९१ लावतं. देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करणं, बाकीची चिन्हं काढणं आणि शेवटचे दहा अंक ठेवणं ही सगळी साफसफाई उप-वर्कफ्लोतच करा. तारखेचंही तसंच: ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे, हा घोळ नको असेल तर वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने पाठवायचं ठरवून टाका.

२. मुख्य वर्कफ्लोतून बोलवा

इथे ‘एक्झिक्यूट सब-वर्कफ्लो’ नोड लावा आणि यादीतून ‘ऑर्डर नोंद’ निवडा. रकाने दिसतील. डावीकडच्या इनपुट पॅनलमधून योग्य फील्ड ओढून त्या त्या रकान्यात सोडा. फॉर्ममध्ये फील्डचं नाव ‘फोन’ असेल आणि ईमेलमध्ये ‘संपर्क’, तरी इथे दोन्ही ‘मोबाईल’च्याच रकान्यात जातात.

मग मोड. एनएटएनमध्ये डेटा आयटमच्या यादीने पुढे सरकतो. शीटमधल्या वीस ओळी म्हणजे वीस आयटम. ‘सगळ्या आयटमसाठी एकदाच’ निवडलं तर उप-वर्कफ्लो एकदाच चालतो आणि वीसही आयटम एकत्र घेतो. ‘प्रत्येक आयटमसाठी’ निवडलं तर तो वीस वेळा चालतो. हे हळू होतं, पण प्रत्येक ऑर्डर वेगळी हाताळायची असेल तर हेच बरं.

खालच्या ऑप्शन्समध्ये उप-वर्कफ्लो संपेपर्यंत थांबायचं की नाही, याचा खटका असतो. ऑर्डर क्रमांक परत हवा असेल तर तो चालूच ठेवा. बंद केलात तर मुख्य वर्कफ्लो पुढे निघून जातो.

३. परत काय येतं ते ठरवा

उप-वर्कफ्लोत जो नोड सर्वांत शेवटी चालतो, त्याचं आउटपुट मुख्य वर्कफ्लोला परत मिळतं. बहुतेक गोंधळ इथेच होतात. शेवटी शीटचा नोड असेल तर अख्खी ओळ परत येते. मध्ये ‘इफ’ (अट तपासणारा नोड) लावून दोन फांद्या केल्या असतील तर एकीचंच उत्तर मिळतं, दुसरीचं हरवतं. म्हणून फांद्या ‘मर्ज’ने एकत्र आणा आणि अगदी शेवटी ‘एडिट फील्ड्स’ नोड ठेवून फक्त ऑर्डर क्रमांक आणि स्थिती अशी दोनच फील्ड बाहेर पाठवा.

चुकीच्या नंबरची ऑर्डर फिल्टरने गाळूनही टाकू नका. सगळेच आयटम गळले तर परत शून्य आयटम येतात, आणि शून्य आयटमवर पुढचा नोड चालतच नाही. ग्राहकाला निरोप जात नाही, एररही दिसत नाही. त्यापेक्षा त्या ऑर्डरची स्थिती ‘दुरुस्ती हवी’ अशी लिहून ती पुढे जाऊ द्या.

४. तपासा

मुख्य वर्कफ्लो एका खऱ्यासारख्या ऑर्डरवर चालवा. मग एक्झिक्यूशन्समध्ये जाऊन उप-वर्कफ्लोची नोंद उघडा आणि ट्रिगरपाशी नेमकं काय पोहोचलं ते बघा. फील्ड रिकामं दिसलं तर दोष मुख्य वर्कफ्लोतल्या रकान्यात आहे. तिथे बरोबर असूनही पुढे बिघडलं तर उप-वर्कफ्लोत शोधा. बोलवण्यालाच नकार मिळत असेल तर उप-वर्कफ्लोच्या सेटिंग्जमध्ये त्याला कोणकोण बोलवू शकतं, ते पाहा.

दुसरा वर्कफ्लो वेगळ्या ठिकाणी असेल तर

तो दुसऱ्या सर्व्हरवरच्या एनएटएनमध्ये असेल तर वरची पद्धत चालत नाही. तिथे ‘वेबहुक’ ट्रिगर (बाहेरून डेटा घेणारा वेब पत्ता) लावा आणि इकडून ‘एचटीटीपी रिक्वेस्ट’ नोडने डेटा पाठवा. तो पत्ता ज्याच्या हाती लागेल तो खोट्या ऑर्डरी पाठवू शकतो, म्हणून हेडर ऑथेंटिकेशन (विनंतीसोबत गुप्त किल्ली पाठवून ओळख पटवणं) लावल्याशिवाय वेबहुक उघडा ठेवू नका. आणि वेबहुकला दोन पत्ते असतात. टेस्टचा पत्ता एडिटरमध्ये चाचणी चालू असेपर्यंतच उत्तर देतो. रोजच्या कामासाठी प्रॉडक्शनचा पत्ता टाका आणि तिकडचा वर्कफ्लो सुरू आहे ना, ते बघून घ्या.