राहतं घर दाखवायला काढण्याआधी

विकायला काढलेला रिकामा फ्लॅट सजवणं हे दोन दिवसांचं काम. भाड्यानं सोफा आणायचा, कोपऱ्यात मनीप्लांट, भिंतीवर एखादं चित्र, झालं. पण विक्रीआधी घर मांडून देणं हा माझा धंदा, आणि गोव्यातल्या फोंडा-म्हापशाकडून मला जे फोन येतात, त्यातली बहुतेक घरं भरलेली असतात. गॅसवर कुकर, दांडीवर शाळेचे युनिफॉर्म, हॉलमधल्या दिवाणावर आजी. व्यवहार होईपर्यंत माणसं तिथंच राहणार, आणि त्याला दोन-चार महिने सहज लागतात. म्हणून काही हलवण्याआधी मी घरच्या वहिनींना एकच विचारते: ‘आज संध्याकाळी लोक घर बघायला येतायत’ असा फोन आला, तर तुमच्या हातात किती वेळ असतो? उत्तर बहुधा अर्धा तास असं येतं. मग जी मांडणी अर्ध्या तासात पुन्हा उभी राहत नाही, ती करायचीच नाही. पलंगावरच्या सहा उशा तिसऱ्या दिवशी खुर्चीवर जाऊन पडतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

तारीख ठरवताना पंचांग आणि पाऊस दोन्ही बघा. गोव्यात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. त्या दिवसांत कपाटामागं बुरशी येते, चपलांवर पांढरा थर चढतो, मिठाला पाणी सुटतं. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, कितीतरी कुटुंबं फ्लॅटला कुलूप लावून मूळ घरी जातात आणि परतल्यावर दार उघडलं की कोंदट वासच आधी भेटायला येतो. त्यामागून पितृपक्ष, त्यात आपली माणसं सहसा घर बघायला निघत नाहीत. हे पंधरा दिवस म्हणजे तयारीसाठी मिळालेली आयती सवड. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, दारं उघडी ठेवा, गाद्या उन्हात टाका. दसऱ्यापासून घर दाखवायला घ्यावं.

पहिला हात ओलीवर. जमिनीलगत कमरेच्या खाली पोपडे आणि पांढरा लोणा दिसत असेल तर ओल बहुधा खालून चढतेय. छताजवळ पिवळट चट्टा असेल तर वरच्यांचं बाथरूम किंवा गच्ची. खिडकीच्या कोपऱ्यात असेल तर छज्जा बघा. कारण सापडल्याशिवाय पेंटरला बोलावू नका. सुरुवातीच्या काळात एका घरात मी नेमकी हीच चूक केली. मे महिन्यात डाग कोरडा दिसत होता, पेंटरनं पुट्टी भरून रंगाचे दोन हात मारले, भिंत झकास. गिऱ्हाइकानं टोकन दिलं आणि जुलैत बायकोला घेऊन पुन्हा बघायला आला. डाग त्याच जागी परत आला होता, टेबलावर चहाच्या कपाचं वर्तुळ उमटावं तसा. त्यानं काही न बोलता बोटानं रंग खरवडला. नखाखाली पुट्टीचा ओला लगदा आला. टोकन परत गेलं, त्या घरच्या काकांनी मला नंतर कधी फोन केला नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: गळती बंद, नवा गिलावा केला असेल तर तो चार आठवडे सुकू द्यायचा, मग रंग, आणि रंगाचा वास गेल्यावर पहिली भेट. वरच्या मजल्यावरचे ऐकत नसतील आणि गळती राहणारच असेल, तर डाग तसाच दाखवायचा आणि प्लंबरचं लेखी कोटेशन शेजारी ठेवायचं. किमतीत थोडं कमी-जास्त होतं, पण माणूस पळून जात नाही.

कौलारू घर असेल तर कौलं परतून घ्या आणि त्यातलं काचेचं कौल दोन्ही बाजूंनी पुसा. वर्षानुवर्षांची काजळी गेली की माजघरात दिवा न लावता उजेड पडतो. या एका कामाला मजुरीपलीकडे खर्च नाही. शिंपल्यांची तावदानं उरली असतील तर ती काढून काच बसवायचा मोह आवरा, जुनं घर शोधणारा नेमकं तेच बघायला येतो. लाल कोब्याला किंवा मोझाईकला ॲसिड लावू नका, चकाकी कायमची जाते. सोप्यावर बसण्याची जागा मोकळी हवी; तिथं ठेवलेली सायकल, नारळांचा ढीग आणि जुना फ्रीज मागं न्या. तुळशी वृंदावनाला गिलावा-रंग तुळशीच्या लग्नाआधी होतोच, तो यंदा महिनाभर आधी करा, आणि तुळस वाळली असेल तर नवं रोप लावा. वाळकी तुळस आपल्या माणसाच्या मनात वेगळीच शंका आणते.

आता सामान. आपल्याकडे सगळ्यात जास्त जागा पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवलेला साठा, खातं. सोलांच्या बरण्या, सुक्या मिरच्यांचं पोतं, चिंचेचे गोळे, सुक्या बांगड्यांचा डबा. एका घरात पलंगाखाली हे सगळं आणि त्याच्या पाठीमागं ‘पुढच्या लग्नाला लागतील’ म्हणून ठेवलेली सोळा तांब्याची भांडी निघाली. टाकून द्या असं मी कधी सांगत नाही, सांगून कोणी टाकतही नाही. बहिणीच्या घरी, भावाच्या गॅरेजमध्ये, कुठंतरी एक खोली तीन महिन्यांसाठी मागून घ्या. तुमच्याच घरातली एक खोली गोदाम करून तिला कुलूप लावू नका. बघायला आलेल्याला बंद दाराआड काय आहे हेच जास्त दिसतं. कपाटं तो उघडणारच, तेव्हा प्रत्येक कपाटाचा तिसरा हिस्सा रिकामा हवा. ठासून भरलेलं कपाट ‘या घरात जागा पुरत नाही’ असं तुमच्या आधी बोलून मोकळं होतं. डांबराच्या गोळ्या काढा, माळ्यावरच्या बॅगा उतरवा. हॉलमध्ये खुर्च्या भिंतीला टेकवून वाडीतली बैठक भरल्यासारख्या मांडलेल्या असतात. दोन कमी करा आणि उरलेल्या समोरासमोर घ्या. दारातून बाल्कनीपर्यंत कशालाही न अडखळता चालता आलं पाहिजे, स्वतः चालून बघा.

देवघराच्या बाबतीत मी या धंद्याच्या पुस्तकी नियमाच्या उलट आहे. परदेशी पद्धत सांगते की घरातल्यांच्या ओळखीच्या खुणा, धर्माच्या वस्तू, कौटुंबिक फोटो, सगळं काढा, म्हणजे येणाऱ्याला तिथं स्वतःचा संसार दिसेल. फोटोंपुरतं मला ते मान्य आहे. मुलांची सर्टिफिकेटं, शाळेचं नाव असलेले बॅज, लग्नाचा मोठा फोटो उतरवा. यात सुरक्षिततेचाही भाग आहे. देव मात्र हलवायचे नाहीत. निर्माल्य रोजच्या रोज काढा, समईखालचं तेल पुसा, कॅलेंडरांचे गठ्ठे आणि रिकाम्या अगरबत्तीच्या पेट्या काढा, एवढंच. स्थानिक हिंदू कुटुंब आलं की आतली काकी हमखास विचारते, ‘चवथीला गणपती कुठं बसवता?’ ती जागा दाखवता आली पाहिजे, आणि वर माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळा-पानांची आरास, बांधायची लाकडी चौकट किंवा हुक असतील तर ते तसेच राहू द्या. मुंबई-दिल्लीहून सुट्टीपुरतं घर शोधणारा त्या चौकटीकडे बघणारही नाही. त्याचं लक्ष बाल्कनी, पार्किंग आणि कामाला बसायच्या टेबलावर. कोण येणार हे एजंटला आधीच विचारा.

सासऱ्यांचा हार घातलेला फोटो हा नाजूक विषय. उतरवला की मागं फिकट चौकोन राहतो, आणि तो चौकोन फोटोपेक्षा जास्त डोळ्यांत भरतो. ती भिंत रंगवणार नसाल तर फोटो राहू द्या, फक्त हार ताजा हवा.

दिव्यांचं काम सोपं. एकाच खोलीत एक बल्ब पिवळा आणि दुसरा निळसर पांढरा असेल तर भिंतीचा रंग दोन ठिकाणी दोन दिसतो. हॉल आणि बेडरूमला २७०० ते ३००० केल्विनचे, स्वयंपाकाच्या ओट्यावर थोडे पांढरे. पंख्याची पाती पुसा. पडदे धुवा, जाड असतील तर काढूनच ठेवा.

वासाबद्दल स्पष्ट बोलते. नुस्तं, म्हणजे मासळी, खाऊ नका असं गोंयकाराला कोण सांगणार? पण भेटीच्या दिवशी बांगडा तळायचा नाही, आणि आदल्या रात्रीचं तिरफळाचं हुमण (माशाची आमटी) बंद डब्यात फ्रीजमध्ये. कचऱ्याची बालदी सकाळीच रिकामी. रूम फ्रेशनरचा फवारा मारू नका, काहीतरी लपवताय असं वाटतं. खिडक्या समोरासमोर उघडून वीस मिनिटं वारा खेळू द्या. घरात कुत्रा असेल तर त्याची गादी आठवड्यातून दोनदा धुवा. तुम्हाला त्याचा वास येत नाही, पाहुण्याला येतो. बाथरूममध्ये टॉवेल, ब्रश, पाच शाम्पू, सगळं एका टोपलीत टाकून टोपली कपाटात. कमोडचं झाकण बंद. खिडकीच्या गजांना खाऱ्या हवेनं गंज चढलेला असेल तर खरवडून रेड ऑक्साईड आणि त्यावर रंग. किनाऱ्याकडच्या घरांत पाहुणे हात लावून बघतात तो हाच भाग.

फोटो हे सगळं झाल्यावर, आधी नाही. फोन छातीच्या उंचीवर, आडवा, खोलीच्या कोपऱ्यातून. वाइड लेन्सनं खोली ताणून मोठी दाखवलीत तर माणूस दारात पाऊल टाकताच हिरमुसतो. पूर्वेच्या खोल्या सकाळी, पश्चिमेच्या चारनंतर.

एक फाइल तयार ठेवा. जागेचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातली जमिनीची सरकारी नोंद), घरपट्टीची पावती, वीज-पाण्याची ताजी बिलं. फ्लॅट असेल तर ऑक्युपन्सी सर्टिफिकेट आणि सोसायटीची कागदपत्रं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो, त्यामुळे सहसा घर विकताना नवरा-बायको दोघांचीही सही लागते. वडिलोपार्जित घरात भावंडं आणि त्यांचे जोडीदारही आले. एक वहिनी मस्कतला असली तर तिच्याशी आत्ताच बोला. दागिने, औषधं, पासबुकं एका कुलपात, आणि किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर नाही.

भेटीच्या वेळी घरातल्यांनी बाहेर जावं असं मी सांगते. मुलांना मैदानावर पाठवता येतं, आजींना नाही. गेल्या वर्षी एका घरात आजी हलायला तयार नव्हत्या, तेव्हा त्यांना बाल्कनीत खुर्ची दिली आणि सोलायला लसूण. आलेली बाई त्यांच्या शेजारी टेकली, तर आजींनी स्वतःहून सांगून टाकलं, ‘बाय, पावसात या कोपऱ्यात बालदी ठेवतो आम्ही.’ वहिनींचा चेहरा उतरला. मी फाइलमधून प्लंबरचं कोटेशन काढून बाईच्या हातात दिलं. तिनं आकडा वाचला, कोपऱ्याकडे बघितलं, आणि आजींना विचारलं, ‘कितव्या पावसापासून गळतंय?’