पायी तीर्थयात्रेआधी सलग दोन दिवस चालून बघा

मार्गदर्शकासोबतच्या पायी तीर्थयात्रेत मुक्काम, जेवण आणि बहुतेक वेळा सामानाची ने-आणही आयोजकच बघतात. चालायचं मात्र आपल्यालाच असतं. म्हणून नाव नोंदवतानाच रोजचं अंतर किती आणि चढ-उतार किती, हे विचारून घ्या. सपाट रस्त्यावरचे १८ किलोमीटर आणि डोंगरातले १८ यांत फार फरक पडतो.

सरावात बरेच जण रविवारी एकदाच लांब चालतात आणि मग आठवडाभर आराम करतात. यात्रेत खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होते, दुखरे पाय घेऊन पुन्हा निघताना. त्यामुळे आधीच्या दीड-दोन महिन्यांत तीन-चार वेळा तरी सलग दोन दिवस चाला, तेही यात्रेत वापरणार तेच बूट, तेच मोजे आणि पाठीवर तीच पिशवी घेऊन.

बूट संध्याकाळी विकत घ्या. दिवसभरात पाय थोडे सुजतात, शिवाय उतारावर बोटं पुढे सरकतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा नसेल तर नखं काळीनिळी होतात. मोजे सुती नकोत. ते घाम धरून ठेवतात आणि ओल्या कातडीवर फोड लवकर येतो. चालताना कुठे चुरचुरायला लागलं, की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. गट पुढे जाईल म्हणून संकोच करू नका, मार्गदर्शकाला सरळ सांगा. पाच मिनिटांच्या त्या थांब्याने पुढचे चार दिवस सुखाचे जातात.

आणि रोजची औषधं मोठ्या सामानात नको, पाठीवरच्या पिशवीतच ठेवा.