एअर रायफलचा सेफ्टी लिव्हर अंगठ्याला जुळवायचा कसा

सेफ्टी लिव्हर म्हणजे ट्रिगर अडवून ठेवणारा, अंगठ्याने हलवायचा छोटा खटका. नवीन लिव्हर मागवायच्या आधी एक टेस्ट करा, फुकटात होते. रायफलमध्ये छर्रा नाही, ती कॉक केलेली (मारायला तयार) नाही हे दोनदा बघा, नळी सेफ बाजूला ठेवा. मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल स्टॉकवर टेकवा आणि पकड न सोडता सेफ्टीपर्यंत अंगठा जातो का बघा. मनगट वळवायला लागलं, किंवा गाल उचलायला लागला, तर ती सेफ्टी तुमच्या हाताची नाही. तसंच धरून अंगठा जिथे आपोआप पडतो तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावा. हा तुकडा आणि लिव्हरची टीप यात किती अंतर आहे ते पट्टीने मोजा, खरेदी त्या मापावर करायची, फोटो बघून नाही.

मी फोटो बघूनच घेतलेला. ऑनलाइन अ‍ॅल्युमिनियमचा काळा लिव्हर, दिसायला एकदम भारी, पण कडा अशा धारदार की दुसऱ्याच दिवशी अंगठ्याची साल निघाली. वर आमच्या देवगडात जूनमध्ये हाताला कायम घाम, त्यामुळे कड टोचते ती टोचते आणि बोट घसरतं ते वेगळंच.

लांबीचं गणित सोपं आहे. लिव्हर ज्या पिनवर फिरतो तिच्यापासून बोट लागतं ती जागा ८ मिमीवर असेल आणि तुम्ही ती १२ मिमीवर नेली तर अंगठ्याला जोर साधारण एक तृतीयांश कमी लागतो. म्हणून लोक लांबच लांब लिव्हर लावतात आणि मग तो बॅगेच्या चेनमध्ये, पट्ट्यात अडकतो आणि रायफल बाहेर काढतानाच सेफ्टी निघते. माझ्या मते टीप स्टॉकच्या बाहेर अंगठ्याच्या नखाएवढी आली की बास, त्यापेक्षा जास्त नको. सेफ्टी हलकी करायला आतली स्प्रिंग कापणारे महाभाग पण आहेत, ते अजिबात करू नका. ती टिक् करून बसते तेच तिचं काम आहे. ट्रिगरच्या आतल्या भागाला हात लावायचाच नाही, आपण फक्त बाहेरच्या तुकड्याबद्दल बोलतोय.

आता घासकाम. लिव्हर रायफलवरून काढूनच घासा, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा कीस ट्रिगरमध्ये जातो. कडा बारीक कानशीने मोडा, मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवा. गालावरून फिरवून टोचला नाही म्हणजे झालं. अंगठा जिथे लागतो तिथे मात्र गुळगुळीत नको, त्रिकोणी कानशीने आडव्या तीन-चार खाचा पाडा, घामाच्या हातात त्याच कामाला येतात. घासलेल्या जागचं कोटिंग गेलेलं असतं, तिथे नेलपॉलिशचा हात द्या (बायकोला विचारून). लाल नेलपॉलिशचा अजून एक उपयोग, सेफ्टी काढल्यावर लिव्हरखालची जी जागा उघडी पडते तिथे एक ठिपका, लाल दिसला की ट्रिगर जिवंत.

थ्रीडी प्रिंटवाले स्वस्त लिव्हर पण मिळतात. मटेरियल पीएलए (थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक) असेल तर मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं.

पुतणी डावखुरी. तिला मी उजव्या बाजूचा लिव्हर देऊन बसलो, पोरगी म्हणते, "काका, अंगठो पोचत नाय हो." मग कळलं, डावऱ्याला दोन्हीकडून निघणारा लिव्हर लागतो, किंवा ट्रिगरच्या पुढे बोटाने ढकलायची सेफ्टी. कितीही घासलं तरी चुकीच्या बाजूचा लिव्हर बरोबर होत नाही.

बसवताना खाऱ्या हवेचा विचार करा. अ‍ॅल्युमिनियमचा लिव्हर आणि स्टीलचा स्क्रू, मध्ये खारट ओल, दोन पावसाळ्यांत दोघं एकमेकांना असे चिकटतात की काढताना स्क्रूचं डोकंच सोलून निघतं. थ्रेडला निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) एक थेंब लावा, लाल नको, ते तापवल्याशिवाय सुटत नाही. एम३ चा ग्रब स्क्रू (३ मिमीचा, डोकं नसलेला) असेल तर १.५ मिमीची एलन की (षटकोनी किल्ली) लागते, दोन बोटांनी आवळा, पान्यासारखा जोर काढू नका.

मग चेक. आमच्याकडे चिऱ्याच्या गडग्यापुढे (जांभ्या दगडाच्या कुंपणभिंतीपुढे) रेतीची पोती रचलेली आहेत, चिऱ्यावर थेट मारू नका, छर्रा उलटा येतो. ब्रेक बॅरल (नळी मोडून कॉक करायची) स्प्रिंगवाली रायफल रिकामी उडवायची नसते, पिस्टन मार खातो, म्हणून छर्रा भरूनच आणि नळी पोत्याकडे ठेवूनच. सेफ्टी लावून ट्रिगर दाबा, सोडा, मग ट्रिगरला हात न लावता सेफ्टी काढा. त्या क्षणी उडाली तर लिव्हर परत काढायचा आणि रायफल कारागिराकडे. नाही उडाली तर पोत्यात एक मारून मोकळे व्हा. असं दहा वेळा.

हे सगळं ४.५ मिमी बोअरच्या (नळीच्या आतल्या मापाच्या) आणि २० जूल ताकदीपर्यंतच्या एअर रायफलसाठी, त्यावरच्याला परवाना लागतो. घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असेल तर तिला कानस लावू नका, रिपेरिंगचा परवाना असलेल्या माणसाकडेच न्या.

आणि पावसाळ्यात फोमच्या केसमध्ये ठेवू नका. फोम ओल धरतो. मी कपाटात उभी ठेवतो, दर रविवारी तेलाचा फडका, आणि फडका फिरवतानाच अंगठ्याने लिव्हर हलवून बघायचा, ढिला झालाय का.